चिनी मांजर चिनी नाही, आणि मेसेजमधलं बाकीचंही तसंच

दिवाळीची साफसफाई निघाली की फॅमिली ग्रुपवर 'चिनी श्रीमंतीची पाच हजार वर्षं जुनी गुपितं' येतात. यंदा तिघांनी पाठवली, म्हणून एकदाच लिहितो.

'लाफिंग बुद्धा म्हणजे गौतम बुद्धाचं आनंदी रूप.' नाही. तो बुदाई, चीनच्या चच्यांग प्रांतातला फिरस्ता भिक्षू. बुदाई म्हणजे कापडी झोळी. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला तो वारला आणि पुढे लोक त्याला मैत्रेयाचा, म्हणजे अजून यायच्या असलेल्या बुद्धाचा, अवतार मानू लागले. पाच हजार वर्षांचा हिशेब इथेच चुकला.

'चिनी मांजर टाटा करते, दाराकडे तोंड करून ठेवली तर लक्ष्मी जाते.' मुळात पंजा उंचावलेल्या मांजरीची ही मूर्ती जपानी. मानेकी नेको, म्हणजे बोलावणारी मांजर. जपानी चित्रकार हिरोशिगेच्या 1852 च्या एका चित्रात ती विकायला मांडलेली दिसते. जपानी माणूस तळवा खाली करून बोटांनी बोलावतो. आपणही 'इकडे ये' म्हणताना हेच करतो. मेसेज लिहिणाऱ्याने स्वतःच्या हाताकडे पाहिलं असतं तरी भागलं असतं. दुकानदार तिला दाराकडे तोंड करूनच बसवतात, गिऱ्हाईक यावं म्हणून.

'माशांच्या चित्रातून धनऊर्जा निघते.' ही खरी गंमत. चिनी भाषेत मासा 'यू' आणि शिल्लक राहणं हेही 'यू'. चीनच्या थ्येन्चिन शहराजवळच्या यांगल्यूछिंग गावची नववर्षाची छापील चित्रं पाहा: गुबगुबीत बाळ, कवेत त्याच्याएवढाच मासा, शेजारी कमळ. कमळ 'ल्येन', आणि 'सलग' यालाही 'ल्येन'. चित्र मोठ्याने वाचा: वर्षानुवर्षं शिल्लक राहो. वटवाघूळ शुभ ठरतं तेही त्याच्या नावातल्या 'फू'मुळे, कारण सुखसमृद्धीही 'फू'च. ऊर्जा कसली, हा शब्दांचा खेळ आहे. आपल्याला तो नवा नाही. निघताना आपण 'येतो' म्हणतो आणि देवापुढे नारळ फोडत नाही, वाढवतो. फेंगशुईत दिशांचा विचार आहे, मान्य. पण मासा चित्रात आला तो नावामुळे.

'लाल कागदावरचं फू अक्षर उलटं लावणं अपशकुन.' उलट, ते मुद्दाम तसं लावतात. चिनीत 'उलटं झालं' आणि 'येऊन पोहोचलं' दोन्ही 'ताओ ल'. पाहुण्याने 'अहो, तुमचं फू उलटं झालंय' म्हटलं की घरात सुख आल्याचं त्याच्याच तोंडून निघतं. मेसेज वाचून कुणी कपाटावरचं फू सरळ केलं असेल, तर ते पुन्हा उलटं करा.