जोडवर्गाचे वर्ष पुस्तकाने सुरू करू नये

उर्वरित महाराष्ट्रातील शाळा जूनच्या मध्यात उघडतात आणि आमच्या विदर्भातील शाळा उन्हामुळे त्यानंतर आठवड्या-दोन आठवड्यांनी. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याकडच्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत मी बरीच वर्षे शिकवते आहे. पहिली ते चौथी असे चार वर्ग, दोन खोल्या, दोन शिक्षक आणि तिसाच्या आतबाहेर पट. दरवर्षी या दिवसांत नव्याने रुजू झालेले तरुण सहकारी फोन करून विचारतात, की जोडवर्ग, म्हणजे दोन वर्ग एकाच वेळी, कसे सांभाळायचे. मी त्यांना दरवर्षी एकच गोष्ट सांगते: पहिले वीस दिवस पाठ्यपुस्तकातला धडा सुरू करू नका. हे ऐकून बहुतेकांना धास्ती वाटते, म्हणून त्यामागची कारणे येथे सविस्तर लिहीत आहे.

शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवून दिलेले आहे. त्याच परिशिष्टात ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक असा निकष आहे. या दोन तरतुदी स्वतंत्रपणे वाचल्या तर वावगे काही दिसत नाही. शेजारी शेजारी ठेवून वाचल्या, की आमच्या शाळेचे खरे चित्र समोर येते. चार वर्ग दोघांत वाटले, तर ८०० तासांपैकी एका वर्गाच्या वाट्याला शिक्षक येतो तो ४०० तास. सहकारी बैठकीला, प्रशिक्षणाला किंवा रजेवर गेला, की त्या दिवशी चारही वर्ग एकाकडे येतात आणि हा वाटा आणखी निम्मा होतो. शिक्षक समोर असतानाचे तास कसे वापरावेत, याविषयी आम्हाला पुष्कळ सांगितले जाते. उरलेल्या ४०० तासांत मूल काय करते, हे मात्र मला कोणत्याही प्रशिक्षणात कोणी विचारलेले नाही, आणि माझ्या अनुभवात मूल शिकते की नुसते बसून राहते, हे बहुतांशी त्याच तासांत ठरते.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी शाळा उघडताच दुसऱ्या दिवशी तिसरीचा आणि चौथीचा पहिला धडा सुरू केला होता. एका वर्गाला शिकवायचे आणि दुसऱ्याला ‘धडा सुवाच्य अक्षरात उतरवून काढा’ असे सांगायचे, हाच माझा क्रम होता. ऑगस्टमध्ये वह्या तपासताना तिसरीतल्या एका मुलीने एकच धडा नऊ वेळा उतरवलेला दिसला. अक्षर सुंदर होते, एकही ओळ सुटलेली नव्हती. मी तिला जवळ बसवून तो वाचायला सांगितला, तेव्हा तिला तो वाचता येत नव्हता. तिने तो चित्रासारखा उतरवला होता. त्या मुलीचे दोन महिने मी घालवले, हे माझ्या मनातून अजून गेलेले नाही, आणि आज मी जे सांगते आहे त्याची सुरुवात त्या वहीपासून झाली.

या वीस दिवसांत शिकवायचे असते ते शिक्षकाविना काम करणे. त्यासाठी मुलांना मुद्दाम सोपे, आधीपासून येणारे काम द्यावे लागते. काम अवघड असेल तर मूल कामातच अडकते आणि सवय बाजूला राहते. चिंचोक्यांचे दहा-दहाचे ढीग करून मोजणे, चित्रावर तीन वाक्ये लिहिणे, जोडीदाराला गोष्ट वाचून दाखवणे, एवढे पुरते. पहिल्या दिवशी पाच मिनिटे, मग दहा, तिसऱ्या आठवड्यात वीस मिनिटे. अडल्यास आधी स्वतः पुन्हा पाहायचे, मग जोडीदाराला विचारायचे, मग गटप्रमुखाला, आणि त्यानंतरच मॅडमकडे यायचे. काम संपले तर पुढे काय घ्यायचे, ते फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात लिहिलेले असते. या काळात सर्वांत कठीण काम शिक्षकाचे असते, कारण दुसऱ्या गटाकडून हाक आली तरी आपण आपल्या गटातून उठायचे नसते. मी तीनदा उठले तर मुले चौथ्यांदा जोडीदाराला विचारणार नाहीत.

ही घडी बसू लागली, की एकेका मुलाला शेजारी बसवून वाचन ऐकता येते आणि बेरीज-वजाबाकी कुठवर येते ते पाहता येते. बाकीची मुले स्वतःच्या कामात असल्याशिवाय हे शक्यच होत नाही, आणि हे केल्याशिवाय धड्याला हात घालण्यात अर्थ नसतो. चौथीतला मुलगा अक्षरांवर थांबलेला असतो आणि दुसरीतली मुलगी गोष्ट वाचत असते, असे दर वर्षी आढळते. म्हणून भाषा आणि गणित यांसाठी रोज एक तास आम्ही इयत्ता बाजूला ठेवून स्तरानुसार गट करतो. इतर वेळी मुले आपापल्या इयत्तेत बसतात.

कोणते वर्ग जोडावेत, याबाबत माझे मत प्रचलित पद्धतीहून वेगळे आहे. बहुतेक ठिकाणी पहिली-दुसरी एका खोलीत आणि तिसरी-चौथी दुसऱ्या खोलीत असते. कागदावर हे सोयीचे दिसते, पण पहिली आणि दुसरी या दोन्ही वर्गांना शिक्षक सतत जवळ लागतो. त्यातच पहिलीसाठी सुरुवातीचा विद्याप्रवेशाचा कार्यक्रम १२ आठवड्यांचा आहे, आणि तो खेळ, गाणी व गप्पांचा असल्याने शिक्षकाला मुलांमध्येच बसावे लागते. शेजारी दुसरी असेल तर ती या काळात उघडी पडते. आम्ही पहिलीला तिसरी आणि दुसरीला चौथी जोडली. वाचता येणारी तिसरीची मुले अर्धा तास स्वतः काम करू शकतात, आणि तो अर्धा तास पहिलीला मिळतो.

याचा आणखी एक लाभ आमच्या पोडावरच्या, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरच्या, मुलांना झाला. कोलाम मुलांच्या घरी कोलामी बोलली जाते, आणि ती द्रविड कुळातली भाषा असल्याने मराठीशी तिचे जवळचे नाते नाही. सहा वर्षांचे मूल पहिल्या दिवशी वर्गात येते तेव्हा माझे बोलणे त्याच्या कानावर पडते, पण मनात शिरत नाही. त्याच खोलीत त्याच्या पोडावरची तिसरीतली मुलगी असली, तर ‘पाटी घे’, ‘पाणी प्यायला जा’ हे ती त्याच्या भाषेत सांगते आणि मूल रडायचे थांबते. एक काळजी मात्र घ्यावी लागते. समजूतदार मुलींना आपण नकळत बिनपगारी मदतनीस करून टाकतो. म्हणून सकाळची पंधरा मिनिटे झाली, की तिला तिच्या कामाला परत पाठवायचे, असा नियम मी स्वतःवर घातला आहे.

दोन इयत्तांची मुले एकाच शिक्षकाकडे टिकून राहिली, तर त्याच घड्या दर वर्षी नव्याने बसवाव्या लागत नाहीत. जुनी मुले नव्यांना वस्तूंची जागा दाखवतात, आवाज वाढला की खूण करतात. आमच्याकडे याची विशेष गरज असते, कारण शाळा उघडते तेव्हा कापसाची आणि सोयाबीनची पेरणी चालू असते आणि सगळी मुले एकाच दिवशी येत नाहीत. ‘मॅडम, पेरनी होऊ द्या, मंग रोज धाडतो पोरीले,’ असे सांगणाऱ्या बापाला मी दोष देऊ शकत नाही. ती पोरगी घरी धाकट्याला सांभाळत असते. धाकट्याला घेऊनच ये, असे मी तिला सांगते. ती दहा दिवसांनी आली, तरी वर्गाची पद्धत तिला मैत्रिणीच सांगतात.

माझी खरी तक्रार याच वीस दिवसांच्या वापराबद्दल आहे. प्रवेशोत्सवाची छायाचित्रे, गणवेशाची मापे, पुस्तकांच्या पोचपावत्या, आधारच्या दुरुस्त्या, ऑनलाइन माहिती आणि बैठका हे सारे नेमके याच दिवसांत येते. आमच्यासारख्या शाळेत वेगळा मुख्याध्यापक नसतो. दोघांपैकी एकाकडेच प्रभार असतो, आणि तो फोनवर माहिती भरू लागला, की त्याचे दोन्ही वर्ग मोकळे पडतात. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक वगळता शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये, असे शिक्षणहक्क कायद्याचे कलम २७ सांगते. माहिती भरणे त्या कलमात बसते की नाही, या वादात मला पडायचे नाही. शाळा उघडल्यापासून वीस दिवस द्विशिक्षकी शाळेतील कोणालाही बैठकीला बोलावू नये आणि माहितीची मुदत त्यानंतरची ठेवावी, एवढेच माझे मागणे आहे. त्याला निधीही लागत नाही.

दुसरे मागणे मोठे आहे. १९८७ मध्ये सुरू झालेल्या खडू-फळा मोहिमेत प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या आणि दोन शिक्षक मिळावेत, असे ठरले होते. म्हणजे जोडवर्ग ही तात्पुरती अडचण नसून अनेक दशकांची ठरलेली व्यवस्था आहे. तरीही मी अध्यापक विद्यालयात असताना माझे सगळे सराव पाठ एका इयत्तेवर झाले आणि आजची पाठ्यपुस्तकेही इयत्तानिहायच आहेत. आंध्र प्रदेशातील ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळांनी मुलाला आपल्या गतीने पुढे जाता यावे म्हणून शिडीसारखी क्रमवार कार्डे तयार केली. कोलंबियातही १९७० च्या दशकात लहान ग्रामीण शाळांसाठी स्वयंअध्ययनाच्या पुस्तिका तयार झाल्या. आपल्या मुलांच्या भाषेत आणि आपल्या वावरातल्या उदाहरणांसह असे साहित्य आपल्या राज्याने का करू नये, हे मला कळत नाही. तोवर आम्ही दोघे सुट्टीत जुन्या लग्नपत्रिकांच्या मागे कार्डे लिहितो.

यंदा पहिलीत सात मुले दाखलपात्र आहेत आणि त्यांपैकी तीन पोडावरची आहेत. तिसरीत जाणाऱ्या दोन मुलींशी मी मे महिन्यातच बोलून ठेवले आहे. शाळा उघडण्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघे शिक्षक खोल्या झाडून चिंचोक्यांचे डबे मुलांच्या हाताला येतील अशा खालच्या फळीवर ठेवणार आहोत, आणि नवी पुस्तके वाटून झाली, की ती जुलैच्या मध्यापर्यंत मुलांना घरीच ठेवायला सांगणार आहोत.