अंधारात कसं दिसतं तुम्हाला?

परवा रात्री साडेदहाला माझं ३०० सेकंदांचं एक्स्पोजर २६०व्या सेकंदाला वारलं. कोथरूडमधली गच्ची, मृगातला तेजोमेघ, माझी दुर्बीण आणि सोसायटीच्या सेक्रेटरीकाकांनी काळजीपोटी लावलेला हॅलोजन.

"अहो, अंधारात कसं दिसतं तुम्हाला?"

"काका, अंधारच हवाय."

"मग लाइट गेल्यावर या की. गुरुवारी जातातच."

"ते दुपारी जातात, काका."

यावर त्यांनी थोडा विचार केला. हॅलोजन मात्र तसाच.

"किती फोटो झाले?"

"चौथा चालू होता."

"साडेआठपासून चार? आमच्या नातवाच्या मुंजीत त्या पोराने दोन तासांत बाराशे काढले!"

पहिला तास, दुर्बीण ताऱ्यांबरोबर नीट फिरावी म्हणून, ध्रुवतारा शोधण्यात गेला, हे मी सांगितलं नाही. पुण्यातून तो जेमतेम साडेअठरा अंशांवर, म्हणजे आमच्या गच्चीवर नेमका पाण्याच्या टाकीमागे. त्याआधीचे तीन दिवस गेन, म्हणजे कॅमेऱ्याने सिग्नल किती वाढवायचा तो आकडा, किती ठेवायचा यात गेले होते. शून्यावर ठेवला तर एकेका पिक्सेलची उजेड साठवायची बादली मोठी, सुमारे ५०,००० इलेक्ट्रॉनची, पण कॅमेऱ्याची स्वतःची खरखर, म्हणजे फोटोत दाणे आणणारा गोंधळ, साडेतीन-चार इलेक्ट्रॉन. १००वर नेलं की आतलं वेगळं सर्किट जागं होतं, खरखर दीडवर येते आणि बादली एक तृतीयांश उरते. म्हणजे लग्नात जेवणाचा दर्जा वाढवला की पंगत लहान करावी लागते, तसं. मी १०० ठेवला आणि वर ३०० सेकंद. का? तर एका जाणकारांनी फोनवर सांगितलं होतं, "पाच मिनिटांखाली काय फोटोग्राफी!" ते राहतात गावाबाहेर. कोथरूडच्या आकाशाचा उजेडच इतका की तो अडवणारा फिल्टर नसेल तर तीस सेकंदांतच त्याची खरखर कॅमेऱ्याच्या खरखरीला गिळून टाकते. त्यापुढे नुसती बादली भरत राहते. त्यापेक्षा छोटे दोनशे फोटो काढून एकावर एक रचावेत. हे मला माहीत होतं. तरी फोनवर "हो सर" म्हणालो.

काका लॅपटॉपवर वाकले.

"मधे चुना सांडल्यासारखं काय झालंय?"

"तिथे चार तारे आहेत."

"मग दिसत का नाहीत?"

"एक्स्पोजर जास्त झालं."

"मग कमी ठेवा की!"

तेराशेएक वर्षांपूर्वी निघालेला तो उजेड. त्याच्यावर हॅलोजन टाकून हा माणूस मला एक्स्पोजर शिकवत होता, आणि वर बरोबर शिकवत होता! याचाच राग जास्त. काका गेल्यावर दहा सेकंदांचा एक काढून पाहिला. चारही तारे सुटे दिसले. त्यांना सांगणार नाही.

आज सकाळी जिन्यात नोटीस लागली आहे. खगोलप्रेमी सभासदांच्या सोयीसाठी गच्चीवर रात्रभर चालणारे दोन एलईडी बसवण्यात येत आहेत. खर्च मेंटेनन्समधून.