कामोणीचं बी बुलबुलासाठी अडून बसत नाही

पावसाळा लागला की इंदूरच्या मराठी बागवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक निरोप फिरायला लागतो. मजकूर साधारण असा: 'वांगी-टोमॅटोच्या कुळातल्या रानझाडांचं (कामोणी, रिंगणी, अश्वगंधा, धोत्रा) बी पक्ष्याच्या पोटातून गेल्याशिवाय उगवत नाही. घरी लावायचं तर अ‍ॅसिडमध्ये बुडवून खोल पेरा. पंधरा दिवसांत कोंब आला नाही तर बी मेलं समजा. फुलं गळतात कारण शहरात मधमाश्या उरल्या नाहीत. पक्षी खातात ती फळं माणसालाही चालतात.' लोकमान्यनगरपासून सुदामानगरपर्यंत लोक हे प्रमाण मानून चाललेत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पक्ष्याच्या पोटाचं उत्तर नीमच-मंदसौरकडे शेतातच मिळतं. मनासा-जावद पट्ट्यात अश्वगंधेची शेती होते. वाळलेल्या फळांतून बी मळून काढतात आणि पावसाळ्यात फेकून पेरतात. त्या कामावर बुलबुल नेमलेले कोणी ऐकलेत का? आणि धोत्र्याचं बोंड तर काटेरी, वाळकं. ते आपोआप फुटतं आणि बी खाली सांडतं. गिळणार कोण ते?

पक्ष्याचा उपयोग आहे, नाही असं नाही. तो बी लांब नेऊन टाकतो आणि भोवतीचा गर काढतो. हा गर उगवण रोखून धरतो, नाहीतर ओल्या फळातच बिया रुजल्या असत्या. पण गर काढायला चहाची गाळणी पुरते. पिकून काळं झालेलं कामोणीचं फळ गाळणीत चिरडा, नळाखाली बोटानं चोळत राहा. बुळबुळीतपणा गेला की चपट्या, पिवळसर, दोन मिलिमीटरपेक्षाही लहान बिया जाळीला चिकटून उरतात. त्या कागदावर सावलीत वाळवा.

या समजाचं मूळ कदाचित १९६१ सालच्या एका अभ्यासात असावं. रिक आणि बोमन या शास्त्रज्ञांनी गॅलापागोस बेटांवरच्या रानटी टोमॅटोचं बी महाकाय कासवांच्या पोटातून गेल्यावर जास्त चांगलं उगवतं असं दाखवलं होतं. तेच बी पाणी घातलेल्या ब्लीचमध्ये थोडा वेळ भिजवूनही उगवतं. त्या कासवाचा आपल्याकडे बुलबुल झाला आणि एका बेटावरच्या टोमॅटोचं अख्खं कूळ झालं.

अ‍ॅसिडचा सल्ला मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. लोक संडास धुवायचं अ‍ॅसिड वाटीत ओततात हो! टणक, पाणी न शिरणाऱ्या सालीच्या बियांसाठी, म्हणजे काही शेंगवर्गीय झाडांसाठी, आम्लाची प्रक्रिया प्रयोगशाळेत करतात. वांगी कुळातलं बी पाणी मजेत पितं. त्याची अडचण आत असते: कोवळ्या मुळाच्या टोकापुढे अन्नसाठ्याचा एक थर असतो, तो सैल पडल्याशिवाय मूळ बाहेर येत नाही. जिबरेलिन या झाडाच्या संप्रेरकामुळे हा थर सैल होतो, अ‍ॅब्सिसिक आम्ल हे दुसरं संप्रेरक त्याला धरून ठेवतं. म्हणूनच रोपवाटिकेत कलमासाठी रानवांग्याचं हट्टी बी उगवायचं असलं की जिबरेलिक अ‍ॅसिडच्या सौम्य द्रावणात भिजवतात. नावात अ‍ॅसिड आहे, पण ते वेगळं. गोंधळ इथूनच झाला असेल तर नवल नाही.

खोल पेरणं तर उलटंच. कामोणीच्या बियांना उजेड लागतो, आणि दिवसा ऊब, रात्री गारवा असा चढउतार. म्हणून बी वरच पसरा, चिमूटभर चाळलेली माती भुरभुरवा. आपली काळी माती तशीही पाऊस उघडला की वरून थापते. कुंडीत तिच्यात शेणखत आणि वाळू घाला.

पंधरा दिवसांची मुदत कोणी ठरवली देव जाणे. ताजं बी बहुधा झोपलेलंच असतं, काही महिने कोरडं ठेवलं की जागं व्हायला लागतं. अमेरिकेत १९०२ साली मातीत पुरलेल्या बियांच्या प्रयोगात धोत्र्याच्या एका जातीचं आणि कामोणीचं बहुतेक बी ३९ वर्षांनंतरही उगवलं होतं. कुंडी उपडी करायची घाई नको.

मधमाश्यांचं म्हणाल, तर कामोणीचं फूल स्वतःच्याच परागावर बहुतेक फळ धरतं. रिंगणीच्या जांभळ्या फुलात पिवळे परागकोश उभे असतात, त्यांच्या टोकाला बारीक छिद्रं. काळा भुंगा त्यांना मिठी मारून पंखांचे स्नायू थरथरवतो, तेव्हा पराग भुरकन बाहेर पडतो. मधमाशीला ही थरथर जमतच नाही, ती उरली काय नि गेली काय. वांग्यात तर आखूड कुक्षीवृंताची (फुलाच्या मधली मादी दांडी आखूड असलेली) फुलं फळ न धरता गळणं नेहमीचंच. वर मे महिन्यातला चाळीसच्या पुढचा पारा, त्यात परागच निकामी होतो.

राहिला शेवटचा मुद्दा. पक्ष्याला पचलं म्हणून माणसाला पचेल असा नियम नाही. कामोणीच्या कच्च्या, हिरव्या फळात सोलानिन नावाचं विष असतं. पिकलेली काळी फळंच खातात, आणि तीही झाडाची खात्रीशीर ओळख असेल तरच. धोत्र्याचं पान, फूल, बी सगळंच विषारी. मुलानं चघळलं तर घरगुती उपाय करत न बसता सरळ दवाखाना गाठा, आणि झाडाची एक फांदी सोबत न्या.