बकुळीचा कचरा म्हणे!

आज सकाळी चहा हातात असताना सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज. 'गेटजवळील बकुळीचे झाड पार्किंगमध्ये कचरा करत असल्याने ते काढून तेथे फॉक्सटेल पाम लावण्याचे ठरले आहे.' खाली अंगठ्यांची रांग. सकाळपासून डोकं सणकलंय, म्हणून इथे लिहितेय.

कचरा? देवळाबाहेर पैसे मोजून बकुळीचे गजरे घेता, आणि तीच फुलं दारात फुकट पडली की कचरा? ते फूल एकदा उचलून बघा तरी. मधोमध आयतं भोक असतं, सुईसुद्धा लागत नाही. केळीच्या सोपाचा धागा घ्यायचा आणि ओवत जायचं. वाळून तपकिरी झालं तरी वास जात नाही. माझ्या आत्याच्या साड्यांच्या घडीत अजून असतात.

आत्याचं घर श्रीवर्धनला. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा तिच्या वाडीतल्या पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडल्या. कुंपणाजवळचा गुलमोहर मुळासकट उपटून पडवीच्या कौलांवर आला. अंगणातल्या बकुळीच्या फांद्या गेल्या, पानं खारं वारं लागून करपली, पण बाई हलली नाही. फोन लागला तेव्हा आत्या आधी घराचं नाही बोलली. "बकुळ उभी आहे गं," म्हणाली.

आणि आमच्याकडे तिच्या जागी काय येणार? ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडचा पाम! त्याच्या सावलीत वैशाखात स्कूटर तरी लावून दाखवा. बकुळ आपल्या सह्याद्रीतली. चिकू, मोह, खिरणी यांच्या कुळातली. बारा महिने हिरवीगार, कधी पूर्ण निष्पर्ण होत नाही. कोकणातली खारी हवा सोसते, शहरातला धूर सोसते, पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी घातलं की नंतर फारसं काही मागत नाही. बुलबुल, कोकीळ तिची केशरी फळं खातात, रात्री वटवाघळं येतात. 5 जूनला रोपाशेजारी उभं राहून फोटो टाकणारे हेच लोक ना?

हळू वाढते, मान्य. नर्सरीवाले हेच सांगून पाम गळ्यात मारतात. पण आत्याची बकुळ तिच्या सासऱ्यांनी लावलेली. त्यांनी कुठे घाई केली होती? हळू वाढली म्हणूनच लाकूड घट्ट झालं आणि त्या वाऱ्यात टिकली, असं आत्या ठणकावून सांगते. मला पटतं.

फळं गाडीवर पडून चिकटतात, हेही खरं. मागच्या पावसात वरच्या मजल्यावरच्या आजी त्यावरून घसरता घसरता वाचल्या. सेक्रेटरी काकांना त्याचीच धास्ती आहे, माणूस वाईट नाही. त्यांच्या आईच्या पूजेला फुलं याच झाडाची जात होती, मीच नेऊन द्यायचे. म्हणून तर जास्त लागलं.

मग काका, झाडाखालची जागा गाड्यांसाठी नका ठेवू. पामसाठी काढणार ती वर्गणी झाडणाऱ्या मावशींचा पगार वाढवायला द्या, मी पहिली देते. बुंध्याला घट्ट आवळलेले ते पेव्हर ब्लॉक काढा, मुळांना पाणी मिळू दे. आणि शहरात झाड तोडायचं तर परवानगी लागते, 1975 पासून कायदा आहे. अर्ज केलाय का, की नुसते अंगठेच? रविवारच्या मीटिंगला येऊन सगळ्यांसमोर विचारणार आहे.

जाता जाता: आत्याच्या झाडाखाली पडलेल्या बियांची रोपं आपोआप उगवतात. दिवाळीनंतर थोडी आणेन. ज्यांच्या दारात भरपूर ऊन, भिंतीपासून लांब मोकळी जमीन आणि फुलांसाठी काही वर्षं थांबायची तयारी आहे, त्यांनी कमेंट करा. बाल्कनीतल्या कुंडीसाठी मागू नका, देणार नाही.