मिसळ खाता खाता ओलीस कसे सोडवावेत

आधी जागा ठरवा. नाशिकच्या मखमलाबाद रोडवरची कुठलीही मिसळ चालेल. रविवार हवा आणि रश्श्याची दुसरी वाटी येऊन पडलेली हवी. मग पाव मोडता मोडता म्हणायचं, "दहशतवाद्यांशी बोलणी? एक इंच मागं सरकायचं नाही!" आणि पोऱ्याला दही सांगायचं.

ओलीस आपल्या नात्यातले नसावेत.

दाखला कंदहारचाच द्या. २४ डिसेंबर १९९९ ला काठमांडूहून दिल्लीला निघालेलं विमान पळवलं, ते अमृतसरला उतरलं, तिथून निसटलं आणि शेवटी अफगाणिस्तानात कंदहारला गेलं. इथं टेबलावर मूठ आपटून "तिथंच टायर फोडायचे होते" म्हणावं. टायर फुटल्यावर आत सुरे घेऊन उभे असलेले काय करतील असं कुणी विचारलंच, तर त्याला शेव वाढा.

"इस्रायल बघा!" हेही म्हणाच. पण १९७६ च्या एंटेबीवर, म्हणजे युगांडात कमांडो धाडून ओलीस सोडवले तिथंच, थांबायचं. त्याच इस्रायलनं २०११ मध्ये एका सैनिकासाठी १०२७ कैदी सोडले आणि त्यातच पुढं ७ ऑक्टोबर २०२३ चा हल्ला आखणारा हमासचा याह्या सिनवार होता, हे बोललात तर मिसळ गार होते.

आमचे अण्णा यात पारंगत. गेल्या रविवारी तासभर सरकारची सालं काढली. गुरुवारी रात्री त्यांचाच फोन. पुण्याहून मुलाचं सामान आणणाऱ्या ट्रकवाल्यानं पाथर्डी फाट्यावर गाडी उभी केलेली, आठ हजार जास्त दिल्याशिवाय ताडपत्री सोडणार नाही म्हणे. मी रोकड घेऊन गेलो. म्हटलं, "अण्णा, पोलिसांना बोलावू." तर अण्णा कानाशी येऊन, "अरे, आत सुनेचं कपाट आहे, वॉशिंग मशीन आहे. रात्र झालीय. देऊन टाक बाबा."

वॉशिंग मशीनसाठी! आणि विमानात दीडशेवर माणसं होती. रुपिन कत्याल हा पंचविशीतला पोरगा, नुकतं लग्न झालेला, बायको त्याच विमानात. त्याला भोसकून मारलं आणि प्रेत दुबईत उतरवलं. आठवडाभर दिल्लीत नातेवाईक टाहो फोडत होते. तेव्हा अण्णांच्याच ओट्यावर टीव्ही लावून आम्ही बसलो होतो आणि अण्णा ओरडत होते, "काय मागतात ते द्या, पण पोरं आणा!" मी शेजारीच होतो, मीही माना डोलावल्या. ३१ तारखेला परराष्ट्रमंत्री जसवंत सिंह तुरुंगातल्या तीन दहशतवाद्यांना घेऊन कंदहारला गेले आणि प्रवासी सुटले. त्या तिघांतल्या मसूद अझहरनं जैश-ए-मोहम्मद ही दहशतवादी संघटना काढली, १३ डिसेंबर २००१ ला संसदेवर हल्ला झाला. ती किंमत खरीच, ती मेलेल्यांच्या घरांनी मोजली. ती मला कुणी मिसळीवर समजावू नये.

पण अण्णा, तुम्हाला दोन्हीकडून टाळ्या हव्यात. द्या म्हणून ओरडणारेही तुम्हीच, दिलं म्हणून थुंकणारेही तुम्हीच. नाही म्हणायचं तर त्या बाईच्या समोर उभं राहून म्हणा, तिच्या नवऱ्याचं नाव घेऊन म्हणा. जमत नसेल तर तोंडातला घास गिळा आणि गप्प बसा.

आणि माझे आठ हजार. शनिवार उलटला, रविवारही उलटला.