देवमासा वरचा आणि कृमी खालचा, हे कुणी ठरवलं?

एका बाजूला निळा देवमासा, दुसऱ्या बाजूला इवलासा चपटा कृमी आणि खाली मजकूर: ‘देवमासा उत्क्रांतीच्या शिखरावर, कृमी पहिल्याच पायरीवर अडकलेला. त्याची रचना साधी. अवयव गमावले म्हणून तो अधोगतीला गेला. मोठा तोच यशस्वी. असल्या किड्याचा अभ्यास करून काय मिळणार?’ हे चित्र व्हॉट्सॲपवर शिक्षकांच्या गटांतही फिरतंय. उद्या मुलं हेच पाठ करतील, म्हणून लिहितोय.

आधी ती पायरी. दोघांचा समाईक पूर्वज ५० कोटी वर्षांहून जुना. तिथून दोन्ही वंश सारखाच काळ चालत आलेत. शिवाय मेंढी-गायीच्या यकृतात राहणारा पर्णकृमी हा चपटा कृमीच घ्या. ती जनावरंच नव्हती तेव्हा तो आजच्या रूपात कुठे असणार होता?

‘रचना साधी’ म्हणणाऱ्याने याच पर्णकृमीचा प्रवास पाहावा. शेणातून अंडं पाण्यात पडतं. त्यातून बाहेर पडतो तो अंगभर केसाळ, डोळ्यासारखे ठिपके असलेला जीव. काही तासांत त्याला ठरावीक जातीची गोगलगाय गाठावीच लागते. तिच्या अंगात त्याची नुसती पिशवी होते. पिशवीत तोंड असलेल्या अळ्या, त्यांच्यातून शेपटीची पिल्लं. ती पाण्यात पोहून गवताला चिकटतात, शेपूट टाकतात, भोवती कवच करतात. मेंढीने ते गवत खाल्लं की आतड्यातून यकृतात. रोगट यकृत चिरून पाहिलंत तर पित्तनलिका नळीसारखी कडक लागते आणि आतून पानासारखा चपटा, पिवळट-करडा कृमी सरकत बाहेर येतो. एका अंड्याच्या पोटी इतकी रूपं! देवमाशाला असलं काही कधी करावं लागत नाही.

अवयव गमावणं ही अधोगती असेल तर देवमाशाचं काय? त्याचे पूर्वज जमिनीवर चार पायांनी चालत. मागचे पाय गेले, स्नायूंत रुतलेली कटीची लहान हाडं तेवढी उरली. गर्भात दात फुटू लागतात आणि विरून जातात. पाण्यात जगायला हेच सोयीचं होतं, जसं यकृतात राहणाऱ्याला डोळ्यांवाचून अडत नाही.

मोठेपणाचं यश? सुमारे ३० मीटर लांब, १५० टनांच्या या प्राण्याची मादी दोन-तीन वर्षांतून एक पिल्लू देते. विसाव्या शतकात शिकाऱ्यांनी तीन लाखांहून जास्त निळे देवमासे मारले. १९६६ साली संरक्षण मिळूनही संख्या अजून पूर्ववत झालेली नाही. पर्णकृमीची मादी-नर अशी जोडी लागतेच असं नाही, एकाच देहात दोन्ही असतात आणि अंडी रोज हजारोंनी.

राहिला अभ्यासाचा प्रश्न. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात लोकांच्या लघवीतून रक्त जात होतं. त्याचं कारण रक्तात राहणारा एक चपटा कृमी आहे, हे १९५२ साली कळलं. आणि पावसाळ्यानंतर पर्णकृमीमुळे जबड्याखाली पाणी उतरलेली मेंढी ज्याने पाहिली आहे, त्याला विचारा. गोगलगायीचा टप्पा ठाऊक झाला, म्हणूनच आज पशुवैद्य सांगतो, तळ्याच्या ओल्या काठावर कळप चारू नका.