शुक्रवारचा सुरक्षा अहवाल कसा लिहावा

नगरसेवक झालात, अभिनंदन! आता दर शुक्रवारी प्रभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'सुरक्षा व आरोग्य अहवाल' टाकायचा. त्याआधी ग्रुपची सेटिंग बदला, मेसेज फक्त ॲडमिनने टाकायचे. लोक बोललेच नाहीत की गैरसमज होत नाहीत.

सुरुवात पोलिसांपासून करा. पोलीस राज्याच्या गृह खात्याचे, त्यांच्यावर महापालिकेचा काडीचा अधिकार नाही, आणि खरी सोय तीच आहे. 'रात्रीची गस्त वाढवण्याबाबत वरिष्ठ निरीक्षकांना निवेदन दिले.' कागदाचं एक टोक तुमच्या हातात, दुसरं साहेबांच्या, नजर दोघांचीही कॅमेऱ्याकडे. गस्त वाढली तर 'प्रयत्नांना यश', नाही वाढली तर 'पाठपुरावा सुरू'.

रस्त्यावरच्या दिव्यांचा विषय मात्र जपून. मुंबई महापालिकेला १८८८ चा वेगळा कायदा आहे. राज्यातल्या बाकीच्या महापालिकांना १९४९ चा अधिनियम, आणि त्यात कलम ६३ नावाची एक कटकट आहे. रस्त्यांवर दिवाबत्ती करणं हे पालिकेचं बंधनकारक काम, असं तिथे चक्क लिहून ठेवलंय. म्हणून बंद खांबाबद्दल लिहायचं नाही, तो पेटला की लिहायचं. मुंबईबाहेर एका प्रभागात बहुधा चार नगरसेवक, त्यामुळे दिवा लागताच चौघेही त्याच खांबाखाली फोटोला उभे राहतील. पहिला नंबर लावा. दिवा बंद असेल तेव्हा 'तो भाग क जागेवाल्यांकडे येतो' म्हणून मोकळे व्हा. अ, ब, क, ड ही जागांची नावं, प्रभाग चौघांकडे अख्खाच असतो, पण हे मतदाराला कोण सांगायला जातंय?

आता आरोग्य. इथे डासांइतकं प्रामाणिक सहकार्य तुम्हाला पक्षातही मिळणार नाही. संध्याकाळी धूर फवारणीची गाडी गल्लीत घाला, पुढे तुम्ही, मागे पांढरा लोट. यापेक्षा देखणा फोटो नाही. धुराने मरतात ते उडणारे डास. पिंपात, कुंडीखालच्या ताटलीत, गच्चीवरच्या टायरात साचलेल्या पाण्यातल्या अळ्यांना तो लागतही नाही. अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणजे तुमच्या पुढच्या एक-दोन अहवालांपर्यंत नवी फौज तयार. पुन्हा गाडी, पुन्हा फोटो. आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करून कोरडी ठेवण्याचा 'कोरडा दिवस' आरोग्य खातं सुचवतं ते याच हिशेबाने. पण घासून उपड्या घातलेल्या पिंपाशेजारी उभं राहून कोणी नेता दिसलाय का कधी? शिवाय डेंग्यूचा डास चावतो मुख्यतः दिवसा, आणि दिवसा तुम्ही उद्घाटनांत असता. तुमचा-त्याचा सामना व्हायचाच नाही.

मनःस्वास्थ्यासाठी योग शिबिराचा एक फोटो पुरे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक छापायला हरकत नाही, फक्त तो तुमच्या नावापेक्षा बारीक अक्षरात असावा. सायबर फसवणुकीचा १९३० तर आणखी बारीक, पैसे गेलेला माणूस भिंग घेऊन शोधेल.

जे ग्रुपवर नाहीत त्यांच्यासाठी हाच अहवाल फ्लेक्सवर. चौकातल्या सीसीटीव्हीसमोरच लावा, मोक्याची जागा आहे, कॅमेराही तिथे उगाच नाही बसवला. परवानगी नसेल तर मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधाचा १९९५ चा कायदा आडवा येतो म्हणतात. येऊ द्या. काढायला येणारं पथक पालिकेचंच असतं. घाटकोपरला १३ मे २०२४ ला फलक कोसळून १७ माणसं गेली, याची आठवण करून देणारा एखादा निघतोच. त्याला समजवा, तो धंद्याचा फलक होता, हा सेवेचा आहे.

एवढं करूनही कोणी थेट कार्यालयात आलाच, मोबाइलवर उघड्या चेंबरचा फोटो घेऊन, आत झाडाची फांदी खोचलेली आणि शेंड्याला लाल फडकं बांधलेलं, तर चिडू नका. त्याला खुर्ची द्या, सोबत फोटो काढा: 'नागरिकांच्या समस्या जाणून घेताना'. पुढच्या शुक्रवारची सोय झाली. आणि निघताना त्याला एवढं जरूर सांगा, की ती फांदी जरा वाकलीये, जाता जाता सरळ करा.